मुलाच्या मुखातील व्याकरण : प्रस्तावना

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांच्या हाती हे पुस्तक देताना त्याचा विषय काय आणि त्यामागील भूमिका कोणती, हे आरंभीच सांगणे इष्ट होय. भाषेची रचना कशी असते, मूल ती कशी आत्मसात करते आणि शाळेने ती कशी शिकवावी, असे हे तीन प्रश्न आहेत. आजवरच्या वहिवाटीप्रमाणे पहिला प्रश्न वैयाकरणांच्या, दुसरा मानसशास्त्रज्ञांच्या आणि तिसरा अध्यापनशास्त्राच्या दप्तरी दाखल झालेला असल्यामुळे, डोंगरातल्या एखाद्या वाडीवर एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता सांभाळीत ज्याला या तिन्हींचे उत्तर एकाच वेळी द्यावे लागते, त्या शिक्षकाला तिन्ही ठिकाणांहून मिळालेली मदत तुटपुंजीच राहिली आहे. हे प्रश्न एकमेकांपासून वेगळे काढले की तिघांचीही उत्तरे अपुरी पडतात, अशी आमची धारणा आहे. सहा वर्षांचे जे मूल पहिलीच्या वर्गात येऊन बसते ते भाषेवाचून येत नाही. एक संपूर्ण, नियमबद्ध आणि रोजच्या व्यवहाराला पुरी पडणारी भाषा ते मुखात घेऊनच उंबरठा ओलांडते. त्या भाषेची रचना शिक्षकाने ओळखावी, ती मुलाने कशी मिळविली हे समजून घ्यावे, आणि तिच्याच आधाराने त्याला लेखी प्रमाण मराठीपर्यंत न्यावे, एवढेच या पुस्तकाचे सांगणे आहे.

हे सांगणे कोठल्याही मुलखाला लागू पडेल. परंतु याच दोन तालुक्यांची निवड करण्यास सबळ कारणे आहेत. महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री पोलादपूरवरून महाडास येते, तेथे गांधारीला पोटात घेते आणि पुढे बाणकोटच्या खाडीने समुद्राला मिळते. तिच्या या वाटेवर घाटावरची मराठी आणि किनाऱ्याची मराठी शतकानुशतके एकमेकींस भेटत आल्या आहेत. आंबेनळीच्या आणि वरंध्याच्या घाटाने देशावरचा माल आणि देशावरचे शब्द खाली उतरले. खाडीतून येणाऱ्या गलबतांनी किनाऱ्याचे शब्द महाडच्या बाजारपेठेत आणले. कुणबी, मराठा, बौद्ध, कोळी, धनगर, कोकणी मुसलमान, कातकरी अशा नाना समाजांच्या बोली येथे एकाच बाजारात ऐकू येतात, आणि औद्योगिक वसाहत झाल्यापासून उत्तरेकडून आलेल्या कामगारांच्या मुलांची हिंदी आणि भोजपुरीही त्यांच्या शेजारी येऊन बसली आहे. भाषेचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यास यापरते समृद्ध क्षेत्र शोधावयास दूर जाण्याचे प्रयोजन नाही.

या भूमीत लेखी भाषेचा पुरावा तर फार प्राचीन आहे. महाडच्या वेशीवर, मुंबई-गोवा महामार्गालगत, गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील ब्राह्मी लिपीतला आणि प्राकृत भाषेतला एक दानलेख तेथे आहे. त्यात एका राजकुमाराने दिलेल्या लेण्याचे, त्यातील खोल्यांचे आणि दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या टाक्यांचे वर्णन आले आहे. त्यातील ‘लेण’ हा शब्द आपण आजही ‘लेणे’ म्हणून वापरतो, खोलीसाठी आलेला ‘ओवरक’ देवळाभोवतालच्या ‘ओवरी’त जिवंत आहे, ‘अठ’ आज ‘आठ’ झाला आहे, आणि दोन या संख्येसाठी आलेला ‘बे’ बोलण्यातून गेला असला तरी पाढा म्हणताना प्रत्येक मूल ‘बे एके बे’ असेच म्हणते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा ज्या प्राचीनतेचा अभिमान सर्वत्र व्यक्त झाला तिचा हा दाखला महाडच्या मुलांच्या पायाखालच्या वाटेवर आहे. परंतु अभिमानापेक्षा त्यातून घ्यावयाचा बोध अधिक मोलाचा आहे. संस्कृतातील विष्णूचे नाव त्या लेखात प्राकृत उच्चाराप्रमाणे बदललेल्या रूपात कोरलेले आहे. ते कोरविणारा राजकुळातला होता, दान धर्मकार्यासाठी होते आणि लेख सर्वांनी वाचावा म्हणून होता. तरी लोकमुखातले रूप दगडावर चढविण्यात त्याला काही उणेपणा वाटला नाही. उच्चार बदलतात, आणि बदलतात तेही मनमानीने बदलत नाहीत, एका नियमाने बदलतात, हे भाषाशास्त्राचे पहिले सूत्र त्या भिंतीवर लिहिलेले आहे.

दुसरे सूत्र रायगडाने शिकविले आहे. १६७४ साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाल्यानंतर राज्यकारभारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द योजून देण्याचे कार्य रघुनाथ नारायण हणमंते यांजकडे सोपविण्यात आले आणि त्यातून ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध झाला. राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग अशा दहा वर्गांत मांडलेला हा कोश म्हणजे राज्यसत्तेने जाणीवपूर्वक केलेल्या भाषानियोजनाचा आपल्याकडील थोर प्रयत्न होय. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला, सरनौबताचा सेनापती झाला, आणि हे शब्द आजही मानाने वावरत आहेत. तथापि त्याच रायगडाच्या पायथ्याशी आज आपण तालुक्याच्या कचेरीत जातो, फेरफाराची नोंद करवितो, तहसीलदारास अर्ज देतो, हुकमाची नक्कल मागतो, आणि यांतला एकही व्यवहार परका वाटत नाही. शब्द कोणता टिकावा आणि कोणता जावा, याचा अखेरचा निवाडा बोलणाऱ्यांच्या दरबारात होतो.

परंतु या ठिकाणी एक अधिक सूक्ष्म गोष्ट पाहण्याजोगी आहे. ‘मुलूख’ आणि ‘हुकूम’ हे शब्द बाहेरून आले खरे. पण मराठीत पाऊल टाकताच त्यांना मराठीचा कायदा मान्य करावा लागला. ‘माणूस’चे ‘माणसाने’ होते आणि ‘लाकूड’चे ‘लाकडात’ होते, त्याच शिरस्त्याने ‘मुलूख’चे ‘मुलखात’ आणि ‘हुकूम’चे ‘हुकमाने’ झाले. ‘गोठा’ जसा ‘गोठ्यात’ होतो तसा ‘तालुका’ ‘तालुक्यात’ झाला. आज औद्योगिक वसाहतीतून सुटलेला कामगार ‘कंपन्या बंद आहेत’ असे म्हणतो तेव्हा ‘कंपनी’चे अनेकवचन तो ‘भाकरी-भाकऱ्या’ याच धर्तीवर करतो. इंग्रजीचा नियम त्याच्या ध्यानीमनीही नसतो. शब्द उसने घेता येतात, व्याकरण सहसा उसने घेतले जात नाही. भाषेचा आत्मा शब्दसंग्रहात आहे की रचनेत, या वादाचा बराचसा निर्णय या एवढ्या उदाहरणांनी व्हावा.

ही रचना कोठे राहते, असे विचारले तर दादोबा पांडुरंगांचे १८३६ मधील व्याकरण आणि मोरो केशव दामल्यांचे १९११ मधील ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ यांकडे आपण बोट दाखवितो. हे ग्रंथ थोर आहेत, आणि दामल्यांच्या ग्रंथाची बरोबरी करणारे काम त्यानंतर क्वचितच झाले आहे. पण व्याकरणकार नियम निर्माण करीत नाही. जे नियम बोलणारे लोक नकळत पाळीत असतात ते तो शोधून काढतो आणि त्यांना नावे देतो. नियमांचे मूळ वसतिस्थान मुलाचे मुख हेच आहे. पोलादपुराकडच्या एखाद्या वाडीतले पाच वर्षांचे मूल काय बोलते ते जवळून ऐकावे. ‘आयनं भाकरी केली’, ‘आयनं भात केला’, ‘आयनं कालवण केलं’ अशी तीन वाक्ये ते सहज बोलून जाते. करणारी एकच, क्रिया एकच, काळही एकच. आणि तरी क्रियापदाची रूपे तीन. भाकरी स्त्रीलिंगी, भात पुल्लिंगी, कालवण नपुंसकलिंगी आहे आणि भूतकाळी सकर्मक क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जाते, या कर्मणि प्रयोगाच्या नियमाची अंमलबजावणी ते मूल बिनचूक करते. तेच मूल ‘आय भाकरी करते’ आणि ‘बाबा भाकरी खातो’ असे म्हणताना क्रियापद पुन्हा कर्त्याच्या स्वाधीन करते. हायस्कुलात कर्तरी आणि कर्मणि प्रयोगांच्या व्याख्या पाठ करताना जी मुले रडकुंडीस येतात, त्यांनी हा नियम शाळेत येण्याआधीच हस्तगत केलेला असतो.

दुसरे उदाहरण सर्वनामांचे घ्यावे. मुलांचा मेळा ओढ्यावर निघतो. त्यातले एक मूल सोबत्याला ‘आपण जाऊ’ म्हणते आणि घरी आईला ‘आम्ही जातो’ म्हणते. ऐकणाऱ्याला आपल्यात धरावयाचे तेव्हा ‘आपण’, त्याला बाहेर ठेवावयाचे तेव्हा ‘आम्ही’, हा विवेक हिंदीच्या ‘हम’मध्ये नाही, इंग्रजीतही त्यासाठी वेगळा शब्द नाही, दक्षिणेतील द्राविडी भाषांत तो आहे आणि त्यांच्या दीर्घ सहवासाचा तो एक वारसा मानला जातो. शेकडो वर्षांच्या भाषिक शेजाराचा हा ठेवा कोणाही आईने मुलाला समोर बसवून शिकविलेला नसतो. मूल तो ऐकते, त्यातला भेद हेरते आणि वापरू लागते.

मूल भाषा शिकते ती निव्वळ अनुकरणाने, असा एक समज फार रूढ आहे. तो खरा असता तर मुलाने कधी न ऐकलेले शब्दरूप कधी उच्चारले नसते. पण तीन वर्षांचे मूल ‘बाबा गेला’ असे रोज ऐकूनही काही काळ ‘बाबा जाला’ म्हणते. ‘केलं’ ऐकूनही ‘करलं’ म्हणते. ‘जाला’ आणि ‘करलं’ ही रूपे त्याला घरात कोणी दिलेली नाहीत. ‘बसला’, ‘उठला’, ‘धरलं’, ‘भरलं’ यांवरून त्याने स्वतः एक नियम बांधला आणि तो सर्वत्र लागू केला. अपवाद मागाहून, सवडीने त्याच्या पदरी पडतात. ज्याला आपण मुलाची चूक म्हणतो ती बहुधा त्याच्या बुद्धीची पावती असते. १९५८ साली जीन बर्को या अमेरिकन विदुषीने मुलांना कल्पित प्राण्यांची चित्रे दाखवून, त्यांना मनगढंत नावे देऊन, त्या नावांची अनेकवचने मुलांकडून वदवून घेतली. कधीही न ऐकलेल्या शब्दांची रूपेही मुलांनी आपल्या भाषेच्या नियमानुसार तयार केली. हा प्रयोग आपल्या कोणाही शिक्षकाला विनाखर्च करता येईल. फळ्यावर एक विचित्र प्राणी काढावा, त्याला ‘टिमका’ म्हणावे, मग तसेच दोन काढून हे काय, असे विचारावे. ‘टिमके’ असे उत्तर मिळेल. आणि गवत कोणाला घालू, असे विचारल्यास ‘टिमक्याला’ असेही मिळेल. ते मिळाल्यावर, या मुलांना मराठीचे व्याकरण येत नाही, असा शेरा प्रगतिपुस्तकात लिहिण्यापूर्वी शिक्षकाचा हात क्षणभर थांबावा, अशी अपेक्षा आहे.

या प्रांतातील बोलींचा विचार याच दृष्टीने झाला पाहिजे. येथील ग्रामीण बोलण्यात विस्तवाला ‘इस्तू’, विसाला ‘ईस’ आणि वेळेला ‘येळ’ म्हणणारी माणसे पुष्कळ आढळतात. हे तीन अपभ्रंश नव्हेत, एकच नियम आहे: शब्दारंभीचा ‘व’ हा ‘इ’ किंवा ‘ए’ या स्वरांपूर्वी मावळतो. ‘वाट’ आणि ‘वारा’ यांतला ‘व’ मात्र जागच्या जागी राहतो, कारण तेथे तो स्वर नाही. नियम पाळणारी जीभ आळशी नसते, अशुद्धही नसते. तीच गोष्ट ‘ण’ची. अनेक घरांत ‘पानी’, ‘लोनी’, ‘कोन’ असे उच्चार होतात आणि मूल पाटीवर ‘पानी’ लिहिते, तेव्हा त्याने जे ऐकले आणि उच्चारले तेच इमानाने लिहिलेले असते. लेखनाचे मूलतत्त्व त्याला उमगले आहे, याची ती खूण आहे. शिवाय संस्कृतातील मूळ शब्द ‘पानीय’ आहे. प्राकृतात त्यातील ‘न’चा ‘ण’ झाला आणि त्यावरून आपले ‘पाणी’ आले. प्राचीनतेवर शुद्धता ठरवावयाची तर या वाडीवरच्या मुलाचा ‘न’ अधिक शुद्ध ठरेल! तात्पर्य, ‘पाणी’ हे रूप प्रमाण आहे ते सर्व महाराष्ट्राने लेखनासाठी मान्य केले म्हणून. त्यात कोणाच्या जिभेचे श्रेष्ठत्व नाही. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम आणि १९७२ मध्ये त्यांत पडलेली भर हाही असाच एक करार आहे. करार म्हणून तो शिकवावा. मुलाच्या घरच्या बोलीवरचा दोषारोप म्हणून शिकवू नये.

लेखी आणि बोली या दोन रीती एकाच मनात सुखाने नांदू शकतात, याचा दाखला या तालुक्यांतील जुन्या टपालात सापडतो. येथला कर्ता पुरुष पिढ्यान्पिढ्या मुंबईला, गिरणीत किंवा गोदीत चाकरीस राहिला. मागे राहिलेल्या आईला वा आजीला अक्षरओळख नसे, आणि घरातले तिसरी-चौथीतले पोर पोस्टकार्ड घेऊन तिच्यापुढे बसे. मायना ठरलेला असे: ‘तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.’ त्यानंतर मजकूर सुरू झाला की म्हैस व्याली, कौले उडाली, भाताची लावणी उरकली, धाकटीला ताप येतो आणि गणपतीला या, हे सारे आई सांगे त्याच शब्दांत आणि त्याच लयीत उतरे. शेवटी पुन्हा ‘कळावे, लोभ असावा’ अशी प्रौढ सांगता होई. शिरसाष्टांग या सामासिक शब्दापासून आईच्या तोंडच्या बोलीपर्यंत आणि तेथून परत, असा प्रवास ते मूल त्या इवल्याशा कार्डावर करी आणि कोठेही अडखळत नसे, कारण प्रत्येक शब्दामागे कोणाला तरी काही तरी सांगावयाचे होते. लेखन शिकण्याचे याहून उत्तम प्रयोजन कोणत्याही अभ्यासक्रमाला देता आलेले नाही. हे पोस्टकार्ड गेले आणि त्याची जागा मोबाइलने घेतली, तेव्हा मुलांच्या हातून लेखनाचे एक खरेखुरे निमित्त गेले. तसे निमित्त शाळेने आता वर्गात निर्माण केले पाहिजे.

सतराव्या शतकातही भाषेची ही दोन टोके या भूमीला परिचित होती. संस्कृतात ‘शिवभारत’ रचणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी पोलादपुरात आहे, तर त्याच तालुक्यातील उमरठच्या तानाजी मालुसऱ्यांची कीर्ती शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्याने, बोलत्या मराठीत, घरोघर पोहोचविली. आणि महाड तालुक्यातील ज्या शिवथरघळीत समर्थ रामदासांनी ‘दासबोध’ सांगितला आणि कल्याणांनी तो लिहून घेतला अशी श्रद्धा आहे, तिचे स्मरण शिक्षकांनी आणखी एका कारणासाठी ठेवावे. त्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे, ओळींत सारखे अंतर असावे, ग्रंथाच्या आरंभी जे वळण तेच अखेरपर्यंत राहावे, अशा बारीकसारीक सूचना त्यात आहेत. परमार्थ सांगणाऱ्या ग्रंथाने लेखणी धरण्याच्या कसबाला एक सबंध समास द्यावा, यावरून या विद्येची योग्यता ध्यानी यावी.

आता अध्यापनाकडे वळू. देवनागरी वर्णमालेची मांडणी ही ध्वनिशास्त्राची अपूर्व कृती आहे. कंठापासून ओठांपर्यंत उच्चारस्थानांच्या क्रमाने तिचे वर्ग लावलेले आहेत, आणि ध्वनींचे असे शास्त्रशुद्ध वर्गीकरण जगातील फार थोड्या लिप्यांच्या नशिबी आले. परंतु वर्गीकरणाचा क्रम आणि शिकण्याचा क्रम एकच असला पाहिजे, असे नाही. ‘ङ’ आणि ‘ञ’ ही अक्षरे जो पहिल्याच आठवड्यांत गिरवितो त्याला त्यांपासून वाचण्याजोगा एकही शब्द मिळत नाही. अर्थाची गोडी लागण्यापूर्वीच वाचनाचा वीट येतो. फलटण येथे मॅक्सिन बर्नसन यांनी वंचित मुलांसाठी जी वाचनपद्धती घडविली तीत हा पेच ओळखून नेहमी लागणारी थोडी अक्षरे आणि मोजक्या स्वरचिन्हांचे गट करून, पहिल्या गटापासूनच मुलांना अर्थपूर्ण शब्द आणि वाक्ये वाचता येतील अशी व्यवस्था केली. आमच्या पुस्तकातील वाचनविषयक प्रकरणांवर या विचाराचा ठसा आहे, हे कृतज्ञतापूर्वक नमूद करतो. त्याचबरोबर लिपी जे सांगत नाही तेही शिक्षकाला ठाऊक असावे. ‘चार’ आणि ‘चारा’ यांत अक्षर एकच, पण पहिला ‘च’ तालव्य आणि दुसरा दंततालव्य आहे. लिपी येथे मूक राहते आणि मूल तरी अचूक वाचते, कारण ते शब्द त्याच्या कानी आधीपासून आहेत. जो शब्द मुलाच्या कानावर कधी पडलाच नाही तेथे हा आधार तुटतो. म्हणून वाचनापूर्वी भरपूर बोलणे आणि भरपूर ऐकणे झाले पाहिजे. त्यात गेलेला वेळ वाया जात नाही.

कातकरी वाडीवरून येणाऱ्या मुलाच्या बाबतीत तर हा आधार आरंभापासूनच क्षीण असतो. त्याची घरची बोली निराळी, आणि वीटभट्टीच्या किंवा कोळशाच्या कामासाठी आईबाप स्थलांतर करीत असल्याने वर्षाचे कित्येक महिने शाळा दूर. अशा मुलाला प्रमाण मराठी ही जवळजवळ दुसरी भाषा असते, आणि ती पहिली आहे असे गृहीत धरून शिकविल्यास त्याच्या पदरी केवळ मौन येते. ते मौन मंदबुद्धीचे लक्षण समजले जाते, हा या मुलांवरचा मोठा अन्याय आहे. १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वारली मुलांसाठी शाळाच अंगणात नेली आणि मुलांच्या परिसरातील वस्तूंपासून, त्यांच्या गाण्यांपासून शिक्षणाचा आरंभ केला. तो धडा आपल्या जिल्ह्यालाही तितकाच लागू आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही शक्य तेथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. शिक्षकाने कातकरी बोलीतले पन्नास-शंभर शब्द आणि काही वाक्ये मुलांकडूनच शिकून घेतली, वर्गात ती फळ्यावर लिहिली, त्यांच्या शेजारी प्रमाण रूप मांडले, तरी मुलाच्या मनातले परकेपण ओसरू लागते. कोकणी मुसलमान घरांतील मुलांना आणि परप्रांतीय कामगारांच्या मुलांनाही हीच रीत लागू करावी. राज्याचे पाठ्यपुस्तक मंडळ १९६७ पासून सबंध महाराष्ट्रासाठी एकच पुस्तक काढते; त्या पुस्तकात प्रत्येक वाडीची बोली येणे शक्य नाही, ती वर्गात आणण्याचा अधिकार आणि जबाबदारी शिक्षकाची आहे.

येथवरच्या विवेचनावरून कोणी असा अर्थ काढील, की मुलांना त्यांच्या बोलीतच राहू द्यावे आणि प्रमाण भाषेचा आग्रह सोडावा. हा अर्थ आम्हांस सर्वथा अमान्य आहे, आणि तो अमान्य का आहे हे सांगण्यास महाडइतके अधिकारी स्थळ दुसरे नाही. कायदे कौन्सिलाने १९२३ साली ठराव करून आणि महाड नगरपालिकेने १९२४ साली आपले तळे खुले करूनही चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांच्या ओंजळीत आले नव्हते; २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे हजारो अनुयायी स्वतः काठावर उतरले तेव्हा तो हक्क कागदावरून प्रत्यक्षात आला. ज्या परिषदेतून हे पाऊल पडले तिच्या उभारणीत अग्रभागी असलेल्या रामचंद्र बाबाजी मोरे यांना लहानपणी याच महाडात इंग्रजी शिक्षणासाठी प्रवेश मिळविताना झगडावे लागले होते, आणि त्या झगड्यात त्यांनी लेखणीचाच आश्रय घेतला होता. त्यांच्याही आधी, १८८८ च्या सुमारास, याच परिसरातील, लष्करातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहून अस्पृश्यतेला लेखी प्रश्न विचारले होते. लेखी प्रमाण भाषा हा असाच एक सार्वजनिक पाणवठा आहे. तो कोणा एका जातीचा, शहराचा किंवा घराण्याचा नाही, आणि त्याच्या पायऱ्या उतरण्यासाठी कोणालाही आपली घरची बोली काठावर टाकून येण्याची अट घालता येणार नाही. अर्ज लिहिणे, सातबारा वाचणे, न्यायालयातील कागद समजणे, वर्तमानपत्रातील अग्रलेखावर आपले मत बनविणे, ज्ञानेश्वरांपासून आजवरच्या साहित्यात मन रमविणे, हे सर्व प्रमाण भाषेवाचून होत नाही. ती नाकारणे म्हणजे मुलाला हक्कापासून वंचित करणे. आणि ती देताना त्याच्या बोलीचा उपमर्द करणे म्हणजे हक्काबरोबर अपमान पदरात घालणे. दोन्ही पापे टाळता येतात आणि टाळली पाहिजेत.

पुस्तकाची मांडणी या भूमिकेस अनुसरून केली आहे. पहिल्या भागात मराठीची ध्वनिव्यवस्था, लिंग, सामान्यरूप, प्रयोग आणि वाक्यरचना यांचे विवरण असून उदाहरणे शक्य तेथे या दोन तालुक्यांतील बोलण्यातून घेतली आहेत. दुसऱ्या भागात जन्मापासून शाळेत येईपर्यंत मूल भाषा कशी मिळविते, याचा विचार आहे. तिसरा भाग वर्गातील कामाचा असून त्यात संभाषण, वाचन, लेखन आणि बोलीकडून प्रमाण भाषेकडे नेणारे पाठ दिले आहेत. ज्या शिक्षकांनी आपल्या मुलांच्या पाट्या-वह्या मोकळेपणाने दाखविल्या, त्यांचे आम्ही ऋणी आहोत.

वाचकांना एकच विनंती आहे. हे पुस्तक हाती घेणाऱ्या शिक्षकाने पहिल्या आठवड्यात मुलांचे काहीही दुरुस्त करू नये. ती खेळताना, भांडताना, डबा खाताना काय आणि कसे बोलतात ते लक्षपूर्वक ऐकावे, वहीत टिपून ठेवावे आणि त्यांत नियम कोणते दिसतात ते शोधावे. ती वही हाच त्या वर्गाचा पहिला व्याकरणग्रंथ होय, आणि आमचे पुस्तक त्यानंतर उघडावे.